कृष्णा खुलताबादला का गेला

(उस्मानपुरा. सुदर्शनच्या घराची गच्ची. मे महिन्यातली संध्याकाळ, ऊन नुकतंच उतरलेलं. कठड्याजवळ तीन प्लास्टिकच्या खुर्च्या: सुदर्शन, त्याचा मित्र कृष्णा याची आई केसरबाई आणि बायको मोनाली.)

केसरबाई : चहाचं राहू दे, बाबा. एवढं चढून आले ती काय चहा प्यायला नाय. हिला काय इचारायचं ते इचारू दे, आन् तू खरं सांग.

सुदर्शन : काकू, दम तरी घ्या जरा. खाली खोलीतच बसलो असतो आपण.

मोनाली : मीच म्हटलं वर जाऊ, सुदर्शनभाऊ. दर शनिवारी शेंद्र्याहून ते या गच्चीवर यायचे. मी कधी पाहिलीच नव्हती. एवढीच आहे?

सुदर्शन : एवढीच, वहिनी. ती पाण्याची टाकी आणि हा कठडा, यांच्यामधे कृष्णा दुर्बिणीचा स्टँड लावायचा. वारा लागायचा नाही तिथं.

मोनाली : समोर ते लग्नाचं कार्यालय ना?

सुदर्शन : हो. सीझनला त्याच्यावर झगझगाट असतो, क्या बोलू. पलीकडं रस्त्याचे दिवे. इथून नुसत्या डोळ्यानं मोजकेच तारे दिसतात.

मोनाली : आणि तरी इथून त्यांचे फोटो निघायचे.

सुदर्शन : निघायचे. चांगले निघायचे.

मोनाली : त्या काचांमुळे.

सुदर्शन : फिल्टरमुळे. हो.

मोनाली : मग ते खुलताबादला का गेले?

केसरबाई : बोल की. त्येच तर इचारायला आलोय.

सुदर्शन : बोलतो, काकू. वहिनी, दवाखान्यात मी सांगितलं होतं तुम्हाला. फोटो काढायला गेला होता.

मोनाली : सांगितलं होतंत. आणि मी ते तसंच धरून चालले होते. मग ते गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या त्या आकाश बघणाऱ्या ग्रुपमधला एक चष्मेवाला आला होता. मी पंगतीत वाढत होते. तो शेजारच्याला म्हणाला, ‘अरे, याच्याकडे तर नॅरोबँड फिल्टर होते. घरच्या गच्चीवरून झालं असतं. गेला कशाला मरायला?’ वाईट बोलायचं म्हणून नव्हता बोलला तो. पण माझ्या हातातलं पातेलं तिथंच थांबलं.

केसरबाई : आन् त्याच पंगतीत आमचं कडुबाभावजी बसलेलं. कृष्णाचं सख्खं चुलतं. त्येनी तेवढंच धरलं. आधीच सगळ्यांच्या मनात व्हतं, की बायकोला नाईट हाय म्हनून सांगून गडी डोंगराव गेला कामून? खुलताबादला कोन्ती कंपनी हाय?

सुदर्शन : त्यांना म्हणायचंय काय नेमकं?

केसरबाई : बाई व्हती म्हन्त्यात. तिकडं कुनीतरी. आता आख्ख्या शेंद्र्यात तेच चाललंय. हापशाव गेलं की बायका बोलायच्या थांबत्यात.

सुदर्शन : काकू, असलं काही नव्हतं. कसम.

केसरबाई : तू दोस्त हायेस. दोस्त झाकनारच. म्हनून तर हिला घेऊन आले. ही शिकलेली हाय, हिच्यापशी खोटं चालायचं नाय.

मोनाली : मला पहाटे पोलिसांचा फोन आला, भाऊ. ते म्हणाले, खुलताबादच्या घाटात अपघात झालाय. मी म्हटलं, राँग नंबर आहे, माझा नवरा शेंद्र्याला कंपनीत आहे, नाईटला. त्यांनी पुन्हा नाव वाचलं. मी पुन्हा तेच सांगितलं आणि फोन ठेवून दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आईंनी घेतला. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

सुदर्शन : तो तुम्हाला नाईट सांगून निघाला हे मला ठाऊक नव्हतं. मला वेगळंच म्हणाला.

मोनाली : काय म्हणाला?

सुदर्शन : म्हणाला, ‘मोनालीला विचारलं. जा म्हणाली.’

मोनाली : मी जा म्हणाले?

सुदर्शन : असं सांगितलं त्यानं. मला बरंही वाटलं. मलाही जायचं होतं त्याच्यासोबत, पण दोन दिवसांपासून अंगात ताप. तर म्हणाला, ‘येताना तुझ्याकडेच झोपतो, उगाच तिला झोपेतून उठवायला नको.’ मी किल्ली पायपुसण्याखाली ठेवली. सकाळी दार उघडलं, किल्ली तिथंच. मला वाटलं, गेला असेल परस्पर घरी.

मोनाली : म्हणजे दोघांना दोन गोष्टी सांगितल्या.

सुदर्शन : हो, वहिनी.

मोनाली : तुम्हाला माहीत आहे का, ते फिल्टर घरात कसे आले? आधी प्रत्येक अमावस्येला त्या डोंगरावर जायचे. एकदा गाडी बंद पडली, मोबाईल बंद, सकाळी उजाडल्यावर आले. मी भांडले नाही त्या दिवशी. नुसती रडले. मग दिवाळीच्या आधी ती छोटी डबी घेऊन आले. माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, ‘आता कुठं जायला नको. शहराचा उजेड ही काच बाहेरच ठेवते. सुदर्शनच्या गच्चीवर बसतो, झालं की घरी.’ मी तेव्हा विचारलं, म्हणजे डोंगर सुटला? म्हणाले, सुटला.

केसरबाई : माझ्याम्होरं बोलला. लई खूश व्हता.

मोनाली : म्हणून विचारते. सुटला होता तर गेले का?

सुदर्शन : सांगतो. थोडं समजून घ्यावं लागेल. ती डबी इथंच आहे, वहिनी. त्या संध्याकाळी तो इथं आला होता सामान न्यायला. फिल्टर काढून माझ्याकडे ठेवून गेला. ही बघा.

मोनाली : ठेवून गेले? डोंगरावर बरोबर नेले नाहीत?

सुदर्शन : नाही. तेच तर सांगतोय. तिथं यांचा उपयोगच नव्हता. काकू, ही एक काच धरा. कडेनं धरा. डोळ्याला लावून तिकडं मावळतीला बघा.

केसरबाई : आरसाच हाय की ह्यो. माझाच डोळा दिसतोय.

सुदर्शन : अजून जवळ घ्या. आरपार बघा.

केसरबाई : काळं दिसतंय. काहीच नाय… थांब. लाल हाय वाटतं थोडं. लई बारीक. विझत्या इस्तवावानी.

सुदर्शन : तेवढंच सोडते ती. आभाळात काही ठिकाणी वायूचे मोठे मोठे ढग आहेत. तेजोमेघ म्हणतात. त्यातला हायड्रोजन जो लाल उजेड देतो, नेमका तेवढाच ही काच आत घेते. रस्त्याचे दिवे, त्या कार्यालयाच्या माळा, चंद्र, बाकी सगळं जवळजवळ अडवते. दुसरी काच ऑक्सिजनची, तिसरी गंधकाची. एकेका काचेतून कितीतरी रात्री थोडा थोडा उजेड गोळा करायचा आणि मग कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवायचा.

केसरबाई : आन् मंग ढग दिसतो?

सुदर्शन : दिसतो. हा बघा, मोबाईलवर आहे. कृष्णानं घेतलेला. हिवाळाभर याच्यावरच होता तो.

केसरबाई : धूर हाय ह्यो. काळापांढरा.

सुदर्शन : हो, त्याचा कॅमेराच तसा होता. रंग मागाहून आपण द्यायचे, कोणत्या काचेला कोणता ते ठरवून. मधे पोकळ आहे बघा, भोवती पाकळ्या. मृग नक्षत्राच्या जवळ असतो हा. डोळ्याला दिसत नाही.

मोनाली : हे सगळं इथून घेतलं? या गच्चीवरून?

सुदर्शन : या गच्चीवरून. त्या टाकीजवळून.

मोनाली : मग राहिलं काय होतं?

सुदर्शन : तारे.

मोनाली : म्हणजे? हे काय, ठिपके ठिपके आहेतच की.

सुदर्शन : आहेत. पण कसे आहेत? सगळे एकसारखे. खऱ्या आभाळात कुणी तारा पिवळसर असतो, कुणी निळा, कुणी तांबूस. ताऱ्याचा उजेड म्हणजे सगळे रंग एकत्र. ही काच त्यातला केसाएवढा तुकडा घेते, बाकी फेकून देते. त्यामुळे ढग सुंदर येतो आणि तारे मेलेले येतात. रंग दिले की सगळे जांभळट, आजारी दिसतात. ताऱ्यांसाठी या काचा काढाव्या लागतात. साधे लाल, हिरवा, निळा, असे फिल्टर लावायचे आणि वेगळे फोटो घ्यायचे.

मोनाली : आणि साधे फिल्टर लावले की शहराचा उजेड आत येतो.

सुदर्शन : बरोबर. सगळा आत येतो.

मोनाली : इथून घेऊनच बघितलं नाही?

सुदर्शन : घेतलं होतं. दोनदा. पहिल्यांदा समोर लग्न होतं. दुसऱ्यांदा बरं होतं, पण आभाळ नुसतं पिठूळ. छोटे तारे त्यात बुडून गेले. मी म्हटलं, यार, चालतंय, हेच टाकू. तो बघत बसला स्क्रीनकडं. म्हणाला, ‘एवढ्या रात्री घातल्या आणि शेवटी असले पिठूळ तारे चिकटवू?’

मोनाली : चाललं असतं पण?

सुदर्शन : वहिनी…

मोनाली : खरं सांगा. तुम्हाला यातलं कळतं. इथले तारे लावले असते तर फोटो झाला असता?

सुदर्शन : झाला असता. कुणाला फरक कळला नसता फारसा. त्याला कळला असता.

केसरबाई : लहानपनापासून तसाच त्यो. शाळेचं चित्र आसलं तरी मनासारखं व्हईस्तवर जेवायचा नाय.

मोनाली : किती वेळाचं काम होतं ते? डोंगरावर?

सुदर्शन : तासाभराचं. लावायला, काढायला धरून थोडं जास्त. त्या रात्री अमावस्या होती आणि आभाळ एकदम साफ. पुढच्या अमावस्येपर्यंत हा भाग पश्चिमेला झुकतो. मग उन्हाळा, मग पावसाळा. त्या रात्री नाही तर थेट पुढचा हिवाळा. म्हणून घाई केली त्यानं.

मोनाली : एक तास.

सुदर्शन : हो.

मोनाली : मला सांगून गेले असते तर…

सुदर्शन : तुम्ही जाऊ दिलं असतं?

मोनाली : माहीत नाही. नसतं जाऊ दिलं बहुतेक. ते ओळखून होते, म्हणून खोटं बोलले. मग असंही वाटतं, मी एवढी धरून बसले नसते तर…

केसरबाई : आसं बोलू नको, मोना. तू जा म्हनली आसती तरी रस्ता त्योच व्हता. ती उसाची ट्रॉली तिथंच उभी व्हती. तिला मागं दिवा नव्हता, ना लाल कागद. तू काय करनार त्याला?

सुदर्शन : काकू बरोबर बोलतात.

मोनाली : त्या तासात काम झालं का त्यांचं? मिळाले तारे?

सुदर्शन : नाही सांगता येत.

मोनाली : का?

सुदर्शन : फोटो लॅपटॉपमधे होते. लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत होता. पोलिसांनी जे दिलं ते मी दुकानात नेऊन बघितलं. त्यातून काही निघण्यासारखं राहिलं नव्हतं. परतीच्या वाटेवर होता, म्हणजे झालं असावं, असं मी समजतो. पण ते माझं समजणं आहे.

केसरबाई : म्हंजी दाखवायला काहीच नाय.

सुदर्शन : तसं काहीच नाही. पण काकू, दुर्बीण, स्टँड, बॅटरी, वायरी, एवढं ओझं गाडीला बांधून कुणी बाईकडं जात नाही.

केसरबाई : कडुबाभावजी म्हन्तील, ते निमित्त.

सुदर्शन : मी येतो त्यांना सांगायला. उद्याच येतो. समोर बसून सांगतो.

मोनाली : थांबा. मला एक बोलू द्या. आई, तुम्हाला वाईट वाटेल.

केसरबाई : वाईट वाटायचं काय राहिलंय आता? बोल.

मोनाली : इथं येईपर्यंत मला वाटत होतं, यांनी एकदा सांगावं की बाई नव्हती. तेवढं कळलं की मी मोकळी झाले. आणि आता पटलंय मला. सगळं पटलं, एकेक शब्द. पण बाई असती तर बरं झालं असतं.

केसरबाई : मोना!

मोनाली : खरं सांगते. बाई असती तर मला त्यांचा राग करता आला असता. शिव्या दिल्या असत्या, फोटो उलटा करून ठेवला असता, माहेरी जाऊन पुन्हा नीट जगले असते. याचा राग कसा करू? ठिपक्यांचा? ठिपके नीट यावेत म्हणून माझ्याशी खोटं बोलले. याच्यात मी रागवायचं कुणावर?

सुदर्शन : माझ्यावर रागवा, वहिनी.

मोनाली : तुमच्यावर का? तुम्ही तर चालतंय म्हणाला होतात.

केसरबाई : रड, पोरी. मयताच्या दिवशीबी नीट रडली नाय तू. सारखी इचार करत बसली.

मोनाली : नाही येत, आई. आतून सगळं कोरडं झालंय.

केसरबाई : मलाबी आसंच व्हतं. भांडी घासताना येतं एकदम. तवा येऊन दे.

सुदर्शन : पाणी घ्या, वहिनी… एक विचारायचं होतं. आत्ता विचारू की नको, कळत नाही.

मोनाली : विचारा.

सुदर्शन : ढगाचे सगळे फोटो माझ्या कॉम्प्युटरवर आहेत. हायड्रोजनचे, ऑक्सिजनचे, गंधकाचे, सगळे. पुढच्या हिवाळ्यात मी तिथून तारे घेऊ शकतो. त्याच जागेवरून. फोटो त्याच्या नावानं पुरा होईल.

मोनाली : नाही.

सुदर्शन : मी गाडीवर नाही जाणार. कुणाची तरी कार घेऊन जाईन. दिवसाउजेडी पोचेन, सकाळीच परत निघेन.

मोनाली : नाही म्हणते ना. तुमच्या घरातही बायको वाट बघते. मेघाला तुम्ही काय सांगून निघणार? तुम्ही जाऊ नका. त्यांच्यासाठी म्हणून तर अजिबात जाऊ नका.

सुदर्शन : मग तो तसाच राहील. अर्धा.

मोनाली : राहू दे अर्धा. त्यांचं आणि माझंही अर्धंच राहिलंय. फोटोनं कशाला पुरं व्हावं?

सुदर्शन : बरं. नाही जात.

मोनाली : ती डबी मी नेऊ का?

सुदर्शन : तुमचीच आहे. विचारता काय? ग्रुपमधले काही जण म्हणाले होते, वहिनी देणार असतील तर आम्ही घेऊ. मी म्हटलं, आत्ता नाही विचारणार.

मोनाली : बरं केलंत. बाकी सगळं त्या रस्त्यावर फुटलं. घरी त्यांचं म्हणावं असं कपड्यांशिवाय काही नाही.

केसरबाई : म्हंजी तू नेनार कुठं ती? शेंद्र्याला का माहेरला?

मोनाली : आई…

केसरबाई : नाय, इचारते नुसतं. रविवारी तुजा भाऊ यायचाय.

मोनाली : यायचाय.

केसरबाई : मला वाटलं व्हतं, इथं समजल्याव तू जायची नाय. खोटं बोलू कामून? त्याच आशेनं जिने चढले मी.

मोनाली : मी जाणार आहे, आई. लोक बोलतात म्हणून नाही. ते घर मला सोसवत नाही. सकाळी नाईट सुटल्याचा भोंगा झाला की मी दाराकडं बघते. रोज. अजूनही. आणि मग तुम्ही माझ्याकडं बघता.

केसरबाई : व्हय. बघते.

मोनाली : दोघी एकमेकींकडं बघत किती दिवस राहणार?

केसरबाई : तुजं खरं हाय. जा. कमी वय हाय तुजं. पर तू गेली की भावजी म्हन्नार, बघा, सुनंनंबी मानलं, म्हनून गेली.

सुदर्शन : म्हणून तर म्हणतो काकू, मी येतो. मी आणि ग्रुपमधले दोघं-तिघं. नीट समजावून सांगू.

केसरबाई : तुमी आलात तर त्ये हसतील. म्हन्तील, शहरातली पोरं शिकवून पाठवली. आन् तुजं ते हायड्रोजन-बियड्रोजन कुनाला कळनार? त्येंना बाई कळती. बाई म्हनलं की एका शब्दात सगळं कळतं. तू पुस्तकच उघडशील.

मोनाली : मग सोडून द्या, आई. बोलू दे त्यांना. थकतील आणि गप बसतील.

केसरबाई : तू तिकडं जाशील. तुजं सुटंल. मला त्याच हापशाव पानी भरायचं हाय.

मोनाली : चला माझ्याबरोबर. खरंच. माझी आई काही म्हणणार नाही.

केसरबाई : याहीणीच्या दारात राहू म्हन्ती? नको, पोरी. त्याचं घर हाय, तिथं मी ऱ्हाईन. आन् मी सांगीन त्येंना. मीच सांगीन. मी आय हाय, माज्या तोंडाव कुनी हसनार नाय. हसलं तर हसलं.

सुदर्शन : काय सांगाल?

केसरबाई : तेच तर. लई लांबलचक सांगितलं तू. माज्या ध्यानात ऱ्हायाचं नाय. काच, लाल, गंधक, सगळं गडबड व्हतंय. थोडक्यात सांग. पंगतीत उभं राहून बोलता आलं पायजे, एवढं.

सुदर्शन : थोडक्यात…

केसरबाई : आन् खोटं नको त्याच्यात काही. वाढवून नको, झाकून नको.

सुदर्शन : ढगाचा फोटो गच्चीवरून झाला होता. ताऱ्यांचे रंग राहिले होते. ते अंधाराशिवाय येत नाहीत, म्हणून तो डोंगरावर गेला.

केसरबाई : बायकोला खोटं सांगून गेला, हे पन सांगायचं?

मोनाली : सांगा, आई. ते खरंच आहे.

केसरबाई : बरं. पुन्हा म्हन एकदा, सावकाश.

सुदर्शन : ढगाचा फोटो गच्चीवरून झाला होता.

केसरबाई : ढगाचा फोटू गच्चीवरनं झालता.

सुदर्शन : ताऱ्यांचे रंग राहिले होते.

केसरबाई : ताऱ्यायचे रंग राहिलते.